फोटूतलं झाड

परभणी जिल्ह्यात कुणाच्याही घरी गेले की मी आधी भिंती बघते. पाणी नंतर, खुशाली नंतर. लेक मला कोपरानं ढोसते, "आई, लोकांना वाटंल तू जाळीजळमटं बघायलीस." वाटू दे. मी बघते ते जुने फोटू. काळ्या पडलेल्या चौकटीत एखादा मिशीवाला म्हातारा दुसऱ्याचा कोट घालून बसलेला असतो, नाहीतर नवी नवरा-नवरी डोळे वटारून उभी असतात. आणि फोटूच्या डाव्या अंगाला तिपाईवर एक कुंडी. कुंडीत रुंद पानांचं बुटकं झाड, आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी काळे ठिपके, काजळात बोट बुडवून ओळीनं टेकवल्यासारखे. मागच्या पडद्यावर तळं, तळ्यात हंस. हंसाला मान आहे, छाती आहे, मागचं अंगच नाही. असा फोटू दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. मी म्हणते, हा आमच्या मालकांचा.

जिंतूरला बघितलाय, चारठाण्याला बघितलाय, एकदा तर एका दवाखान्यात बघितला. डॉक्टरच्या आजोबांचा होता. मी सुईचं दुखणं विसरले.

मालक म्हणजे परभणीला स्टेशनच्या रस्त्यावर फोटूचं दुकान होतं, त्याचे मालक. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर होता, त्याचा पाय मोडला आणि मी कामाला बाहेर पडले. मालकांना बाई पाहिजेच होती. फोटू काढायला येणाऱ्या बायका काय परक्या पुरुषाकडून पदर सारखा करून घेणार? त्यांना बसवायचं, कुंकू नीट करायचं, रडायला लागल्या तर समजूत घालायची, हे माझं काम. रडायच्या म्हणजे रडायच्या! फोटूनं आयुष्य कमी होतं असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असायचं. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, "फोटूवाल्याकडं बाई कशाला लागती ग?" मी म्हणायची, "तुज्या सासूचा फोटू काढायचाय, तिला धरून बसवायला." मी तोंडाची फटकळ, ते काही आजचं नाही.

पहिल्याच दिवशी मी मालकांना विचारलं, "माज्या आधी हे काम कोण करायचं?"

"व्हतं एक माणूस," म्हणाले आणि फोटू धुवायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले.

उंच, वाळकुंडा माणूस. अंगात गुडघ्यापर्यंत लांब कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी. ती टोपी उजव्या बाजूनं कायमची चेमटलेली. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालताना लोक टोपी काढतात. हे तशीच आत घुसवायचे. काम हैदराबादेत शिकलेले, म्हणून बोलण्यात अर्धं उर्दू. मोठ्या माणसांशी "तशरीफ रखिये", आणि राग आला की मग आपली परभणीची मराठी. बोलणंही मोजकंच. दिवसभरात त्यांच्या तोंडून जास्तीत जास्त वेळा निघणारा शब्द म्हणजे "हालू नका". गिऱ्हाइकाला तर म्हणायचेच, पण एकदा चहाचा कप कलंडत होता तर त्यालाही म्हणाले.

आणि ते झाड. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. दुकानात त्याला हातजोडी म्हणायचे, कारण दिवस मावळायला लागला की त्याची पसरलेली पानं हळूहळू उभी राहायची आणि दोन-दोन मिळून हात जोडल्यासारखी व्हायची. सकाळी पुन्हा उघडायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मीही पदर सारखा करून हात जोडले. म्हणलं, आपलं आपण करून ठेवावं.

हातजोडीचे लाड काय सांगू! मागच्या खोलीत रांजणाच्या गारव्याला तिचं राहणं. उन्हाळ्यात तिथल्या खिडकीला वाळ्याचा पडदा, आणि त्याच्यावर दिवसातून कितीतरी वेळा पाणी. पुढच्या खोलीत तहसीलचे कारकून घामानं निथळत बसलेले असायचे, त्यांना ताडाचा एक पंखा, तोही फाटका. फोटूच्या वेळी झाड बाहेर यायचं ते ओल्या मलमलीखाली, नवरीसारखं झाकून. गिऱ्हाईक बसलं, टोप्या-पदर जागेवर आले की सगळ्यात शेवटी मी मलमल काढायची आणि ओल्या फडक्यानं पान न् पान पुसायचं. तेल बिलकूल नाही. एकदा एका नवरदेवाची मावशी "कसं रुखंरुखं दिसायलंय बाई" असं म्हणत केसांवरचा तेलकट हात पानावर फिरवायला गेली. मालक काळ्या कापडातून असे बाहेर आले, की मावशी फोटूत राहिली नाही, जाऊन चपलांपाशी बसली.

मांडणीचेही नियम होते. कुंडी मातीचीच, चुन्यानं पांढरी केलेली, गळ्याशी गेरूचा एक पट्टा. एका वकिलानं हौसेनं नक्षीची पितळी कुंडी आणून दिली. मालकांनी तिच्यात छत्र्या ठेवल्या. म्हणाले, "पानावर एवढी नक्षी हाय ना, मग कुंडीनं गप बसावं." तिपाई बसलेल्या माणसाच्या कोपराएवढी, जास्त नाही, कमी नाही. आणि पडदा! हैदराबादहून रंगवून आणलेला तो पडदा, त्याच्यावर कमळं आणि फुलांच्या वेली. पण वेलींच्या गर्दीत हातजोडीचे ठिपके हरवायला लागले, म्हणून मालकांनी डाव्या बाजूचा सगळा खालचा भाग राखी रंगानं सपाट पुसून टाकला. हंसाचं अर्धं अंग त्यात गेलं. लोक विचारायचे, मालक म्हणायचे, "बाकीचा पाण्यात हाय."

दिवस कलला आणि पानं उभी राहायला लागली की दुकान बंद. मग कुणी का येईना. एकदा परभणीचे अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यात मोठा हाकिम, कचेरीतून परस्पर शिपायांसकट दारात आले. अजून चांगला उजेड होता. मालकांनी आत जाऊन झाड बघितलं, बाहेर आले, आणि कमरेत वाकून म्हणाले, "हुजूर, आज नहीं हो सकता. पत्ते हाथ जोड चुके."

रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थिजली. मी दाराआडून देवाचं नाव घ्यायला लागले. साहेब आत आले, झाडापाशी उभे राहिले, मिटलेली पानं बघत राहिले. मग हसून म्हणाले, "किस के आगे जोडते हैं?"

मालकांनी झाडावर ओली मलमल टाकली. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बसले, आणि मालकांनी त्यांना झाडासाठी थोडं उजवीकडं सरकवलं.

मला वाटायचं, झालं, एक चक्रम माणूस आहे. पण शेजारच्या शिंप्याची म्हातारी आई एक दिवस मिरच्या निवडत बसली होती, मी तिला मदतीला बसले, आणि तिनं सगळं सांगितलं.

झाड मालकांच्या बायकोचं. मालक हैदराबादेत काम शिकत होते तेव्हा तिनं कुठल्याशा बंगल्यातल्या माळणीकडून दोन पानांचं मूळ मागून घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि परभणीपर्यंत मांडीवर धरून आणलं. हातजोडी नाव तिचंच. कुंडी, चुना, गेरूचा पट्टा, तिपाई, मलमल, सगळी मांडणी तिची. दुकानात बायकांचे पदर नीट करायचं कामही तिचंच. मूलबाळ झालं नाही. मग सासूच्या डोक्यात दुसरी आणायचं आलं. पोरगी बघितली, आणि तिचा फोटू काढायला म्हणून तिला ह्याच दुकानात आणलं. सासू सुनेला म्हणाली, "पोरीचा पदर नीट कर. अन् ते झाड ठेव शेजारी, शोभल."

तिनं पदर नीट केला. झाड आणून ठेवलं, पानं पुसली, बाजूला उभी राहिली. मालकांनी काळ्या कापडात डोकं घातलं, "हालू नका" म्हणाले, आणि फोटू घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती माहेरी निघाली, गंगाखेडच्या पलीकडं, राणीसावरगावला. झाड नेलं नाही. एवढंच म्हणाली, "ह्याला तेवढं जगवून दाखवा."

"मग केली का त्यांनी दुसरी?" मी विचारलं.

"कुठली! ती फोटूची काच धुतलीच न्हाई, तशीच फोडली. पोरीकडच्यांना न्हाई म्हणून कळवलं. पण बायकोसमोर, आईसमोर, तवा तोंडातून शब्द काढला का? न्हाई. पुढं म्हातारी बी मेली. आता जाऊन आणावं का न्हाई माणसानं? बसलाय झाड पुसत."

रुसून गेलेल्या बाईनं आपल्या पायानं परत यायचं नसतं. नवऱ्यानं जायचं, चला म्हणायचं, मग ती चार दिवस आढेवेढे घेणार आणि येणार. हे शेंबड्या पोराला कळतं. मालकांनाही कळत होतं. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या अंगात यायचं. सकाळी दाढी करायचे, कोट झटकायचे, मला म्हणायचे, "वैनी, जरा दुकानाकडं बघा," आणि स्टेशनाकडं जायचे. गंगाखेडवरून जाणारी परळीची गाडी शिट्टी मारून गेली की थोड्या वेळानं तेही परत यायचे. कधी गाडीला गर्दी असायची, कधी अमावस्या निघायची. एकदा म्हणाले, समोरून एकशिंगी बैल आला. मी म्हणलं, "मालक, गाडी काय तुमाला खांद्यावर उचलून नेणार हाय व्हय?" ते कोट काढून खुंटीला लावायचे आणि झाडाला पाणी घालायचे.

पण हा माणूस गप बसला होता असंही नाही, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. गंगाखेडकडचं गिऱ्हाईक आलं की मालकांची चाल बदलायची. त्या दिवशी तिपाई चार बोटं पुढं. नवरदेवाचा कान कापला गेला तरी चालल, पान कापलं गेलं नाही पाहिजे. प्रत्येक पानाचं तोंड कॅमेऱ्याकडं. आणि फोटू देताना बजावून सांगायचे, "हे समोरच्या खोलीत लावा. आतल्या खोलीत न्हाई. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे." लोकांना वाटायचं, काय जीव आहे कामावर! आणि मला दिसत होतं की हा बाबा कुणाकुणाच्या लग्नाआडून, कुणाच्या बापाच्या मिशांआडून, बायकोला निरोप धाडायलाय, की बघ, जगवलंय. म्हणून तर संध्याकाळी काम बंद. पानं मिटली की ठिपके दिसत नाहीत, आणि ठिपके दिसले नाहीत तर तिला झाडाची तब्येत कशी कळणार?

निरोप पोचत होता. ते कळलं त्या दिवशी मी दुकानात नाचायचीच बाकी होते. राणीसावरगावची एक आजी नातवाचा फोटू काढायला आली, स्थळांना दाखवायला. नातवाला बसवायच्या आधीच मला म्हणाली, "ते ठिपक्याचं झाड कुठंय ग? आमच्या गल्लीत एक बाई हाय, भावाकडं ऱ्हाती. तिनं आमच्या पावण्याच्या घरातला तुमचा फोटू बघितला. म्हणली, त्या झाडाच्या पानांच्या कडा करपायल्यात. विहिरीचं पाणी पाजू नका म्हणावं, ते जड असतंय. पागोळ्याचं साठवा."

मी अंधाऱ्या खोलीच्या दाराशी जाऊन सगळं सांगितलं. दार उघडलं. मालकांच्या दोन्ही हातांवरून औषधाचं पाणी ठिबकत होतं.

"पाजू नका म्हणली?"

"व्हय."

"'घालू नका' न्हाई? 'पाजू'च म्हणली?"

"पाजूच म्हणली हो! का बरं?"

"तिचाच शब्द हाय," म्हणाले आणि तसेच ओले हात कोटाला पुसले. त्या कोटावर पांढरे डाग पडले, ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

त्या पावसाळ्यात आमच्या दुकानाच्या वळचणीखाली घागरी, कळश्या, डेचक्या, शिंप्याची परातसुद्धा. रांजण भरला, वर फडकं बांधलं, आणि त्यातलं पाणी माणसानं प्यायचं नाही असा हुकूम निघाला. वर्षभरात नव्या पानांच्या कडा स्वच्छ झाल्या. त्याचाही फोटू गेला, एका गंगाखेडच्या सावकाराच्या पोटाशेजारून.

असं कितीतरी वर्षं चाललं. ना तिनं यांचं नाव घेतलं, ना यांनी तिचं. पण निरोप यायचे. एकदा, "पानं फिक्की दिसायलीत, फोटूपायी उन्हात लय वेळ उभं करू नका." एकदा, "एका अंगानं वाढायलंय, रोज जरा फिरवत जा." एकदा तर, "तिपाईचा मागचा पाय लंगडा दिसायलाय." तो खरंच लंगडा होता, खाली आम्ही खापराचा तुकडा लावला होता. सुताराला त्याच दिवशी बोलावणं गेलं. मला हसूही यायचं आणि संतापही यायचा. अरे, तिपाईचा पाय दिसतो तुम्हाला एवढ्या लांबून, आणि एकमेकांचं मन दिसत नाही?

मग मालकांना ताप आला. महिनाभर उठले नाहीत. दुकान मीच कसंबसं उघडं ठेवलं, झाडाचं मला जमेल तसं केलं. उठल्यावर पहिलाच फोटू त्यांनी एका गंगाखेडच्या शिक्षकाचा काढला, त्यात हातजोडी जरा मान टाकल्यासारखी होती. काही दिवसांनी ती राणीसावरगावची आजी पुन्हा आली. धाकट्या नातवाचं लग्न झालं होतं, जोडप्याचा फोटू काढायचा होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती बाई विचारायली, झाड मलूल दिसतंय. झाडवाल्याला बरं न्हाई का?"

मी मालकांना सांगितलं. त्यांनी नवरा-नवरीला उभं केलं, मलमल निघाली, पानं पुसून झाली. मालक कॅमेऱ्याकडं गेले, थांबले, परत आले. डोक्यावरची टोपी काढली आणि तिपाईवर, कुंडीला टेकवून ठेवली. चेमटलेली बाजू पुढं.

आजी म्हणाली, "अहो, टोपी ऱ्हायली तुमची तितं."

"असू द्या," मालक म्हणाले. "हालू नका."

इतक्या वर्षांत त्यांना मी बोडक्या डोक्यानं पहिल्यांदा बघितलं. केस पार पिकले होते.

त्यावर उत्तर आलं ते दिवाळीनंतर, बैलगाडीवाल्या एका माणसाच्या तोंडी. "त्या बाईनं सांगितलंय, कुंडी आता भरली असंल. जास्त झालं की मुळं गुदमरतेत. वाटणी करा. अर्धं आमाला द्या."

मी टाळीच वाजवली. मालक मात्र पांढरे पडले. "वाटणी म्हणली?" असं दोनदा विचारलं. मी म्हणलं, "मालक, येड्यासारखं करू नका. झाड कशाला पाहिजे तिला? झाड कोण घिऊन येतंय ते बघायचंय." मग खुलले. काय ती तयारी! कुंडीतून गड्डा काढून मुळं न तोडता सोडवायला पूर्ण सकाळ. नवी कुंडी, तिला चुना, गेरूचा पट्टा. पट्टा वाकडा आला म्हणून पुसला, पुन्हा काढला. ओली मलमल. कोट धुतला, डाग राहिले ते राहिलेच. आणि एका सकाळी कुंडी छातीशी धरून स्वारी स्टेशनावर गेली. गाडीची शिट्टी झाली. मी दारात उभी. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला, आणि मी देवाला नारळ बोलले.

आणि कोपऱ्यावर टोपी दिसली.

हात रिकामे होते. म्हणाले, "फलाटावर राणीसावरगावचाच एक माणूस भेटला. भला हाय. नीट नेतो म्हणला."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं, की मी म्हणलं, "तिनं अर्धं मागितलं तर तुमी खरंच अर्धं धाडलं!" शिंपी मशीन थांबवून बघत होता. मालक भिंतीला टेकून उभे. मग म्हणाले, "वैनी, ती दारात येऊन 'का आलात' म्हणली, तर मी काय म्हणू?" त्यांचा आवाज असा आला, की माझा राग जागच्या जागी विरला.

त्यानंतर निरोप बंद. झाड पोचलं एवढं कळलं, आणखी काही नाही. मालकांनी फोटूमागून फोटू धाडले. एकदा मुद्दाम कुंडीची पाठ कॅमेऱ्याकडं केली, की ती काहीतरी बोलेल. एकदा कुंडीच उलट्या अंगाला, उजवीकडं ठेवली. काही नाही. गंगाखेडकडचं गिऱ्हाईक आलं की मालक माझ्याकडं बघायचे, मी मान हलवायची, ते काळ्या कापडात जायचे. आत जास्तच वेळ राहायला लागले. बाहेर माणसं श्वास रोखून बसलेली, आणि हे आत.

मग निजामाचं ते शेवटचं वर्ष आलं. लय धामधूम. माणसं घरं सोडून वऱ्हाडाकडं जायला लागली, बाजार अर्धा बंद, गाडीचा भरवसा नाही. लग्नं थांबली, फोटू कोण काढतो? दिवसेंदिवस कॅमेऱ्यावरचं कापड निघायचं नाही. मालक रोज दुकान उघडायचे, झाड पुसायचे, तिपाईवर मांडायचे, आणि रस्त्याकडं बघत बसायचे. गंगाखेडकडून कुणीच येत नव्हतं, तिकडं काही जात नव्हतं.

भर उन्हाळ्यात एक दिवस सकाळी मी दुकानात गेले तर तिपाई रिकामी. मालक कोट-टोपी घालून उभे, कुंडी बगलेत, वर ओली मलमल.

"कॅमेरा?" मी विचारलं.

"न्हाई लागत."

"मालक, दिवस कसले हायत? आता जायलाव? इतकी वर्षं गाड्या रिकाम्या जायल्या तवा..."

"तवा फोटू जात व्हते," म्हणाले.

ह्या वेळी मी त्यांच्या मागं मागं स्टेशनापर्यंत गेले. भरवसा नव्हता. गाडी किती उशिरा आली देव जाणे, पण ते हलले नाहीत. चढले. खिडकीशी बसले, कुंडी मांडीवर घेतली, मलमल सारखी केली. माझ्याकडं बघितलं नाही. पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ओठ हलत होते. काय म्हणायचं ते पाठ करत असतील.

परत आले नाहीत. आले नाहीत म्हणजे पोचले, असं मी धरलं. पुढं दुकान मोडा म्हणून निरोप आला, शिंप्यानं ती जागा घेतली. मी पडदा गुंडाळून घरी आणला, त्याला उंदरांनी खाल्लं. पोरं मोठी झाली, राज्य बदललं. पण मला ते दुकान जे लागून राहिलं ते राहिलंच. अजून संध्याकाळ झाली की हात कुठलं तरी पान मिटलंय का बघायला जातो.

कितीतरी वर्षांनी राणीसावरगावला भाचीच्या सासरी बारशाला जायचा योग आला. घुगऱ्या घेतल्या आणि घर विचारत निघाले. दारात बुटकीशी, पांढऱ्या केसांची बाई. मी कोण ते सांगितलं तर तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुमीच का त्या वैनी! तोंडाच्या फटकळ हायत, पन तुमच्यामुळं झाड जगलं, म्हणायचे."

म्हणायचे. मी उंबऱ्यावरच बसले. तिनं पाणी आणून दिलं, तीही शेजारी बसली.

"आले कसे सांगू का?" ती म्हणाली. "मी अंगण झाडायले. दारात उभे. घामानं भिजलेले, बगलंत कुंडी. लय राग व्हता मला. मी म्हणलं, का आलात? तर तोंड उघडं, अन् शब्द न्हाई. मग म्हणले, 'पागोळ्याचं पाणी सरलं.'"

"मग?"

"मग काय. मी म्हणलं, आमच्याकडं रांजण भरून हाय. या आत." ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "चार पावसाळे पाणी भरलं आमी मिळून."

आत रांजणाशेजारी दोन कुंड्या होत्या, पांढऱ्या, गळ्याशी गेरू. पानांच्या कडा स्वच्छ. दिवस कलला होता, पानं उभी राहायला लागली होती. मी विचारलं, "तुमचा फोटू काढला का कधी?"

"कॅमेराच आणला न्हवता की! अन् त्यांचा तरी कुठं हाय एखादा? जगाचे काढले." असं म्हणून ती चूल पेटवायला आत गेली.

मी सवयीनं भिंतीकडं बघितलं. एकच फोटू होता. नवरा-नवरी, डोळे वटारलेले, मागं अर्धा हंस. मला ओळखू आले. त्या आजीचा नातू आणि त्याची बायको. हिच्या नात्यातले ना गोत्यातले.

"हे हितं कसे?" मी जागेवरूनच विचारलं.

"मागून घेतला," ती आतून म्हणाली. "पोरगं द्यायलंच न्हवतं, आजीनं दिला."

मी उठून जवळ गेले. चुलीचा धूर आणि धूळ बसून काच पार मळली होती, नवरदेवाचं तोंडसुद्धा नीट दिसत नव्हतं. खालचा डावा कोपरा तेवढा रोज पुसल्यासारखा लख्ख होता. तिथं कुंडीला टेकून ती चेमटलेली टोपी होती.